मेटाटार्सलच्या स्ट्रेस फ्रॅक्चरनंतर परत पळणं आणि ओरिएंटियरिंग: कुठून सुरू करायचं, किती, कसं

पावलाच्या हाडाला वारंवारच्या ताणाने बारीक चीर गेली, म्हणजेच स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, की सगळे एकच सांगतात, आराम कर. आराम तर करायचाच, पण तो संपल्यावर पुढे काय? पहिल्या दिवशी पळायचं म्हणजे नेमकी किती मिनिटं, चढावर कधी जायचं, आणि ज्यांना डांबरी रस्त्यापेक्षा नकाशा घेऊन जंगलात पळायचं वेड आहे त्यांनी जंगलात कधी शिरायचं, हे कोणी नीट सांगत नाही. फिजिओ बहुतेक वेळा सपाट रस्त्यावरच्या अर्ध्या तासाच्या रनिंगपर्यंत आणून सोडतात आणि पुढचं आपलं आपण बघायचं. म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय. मी लंडनजवळ राहते त्यामुळे बरीचशी उदाहरणं इथली आहेत, पण हाड इथलं असो की पुण्यातलं, भरून यायची रीत तीच. आणि मी डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

ज्यांना ओरिएंटियरिंग माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हातात बारीक तपशिलाचा नकाशा आणि होकायंत्र, जंगलात केशरी-पांढऱ्या कापडाचे कंट्रोल लावलेले असतात, ते ठरलेल्या क्रमाने शोधत जायचं, एका कंट्रोलवरून दुसऱ्यावर कुठल्या वाटेने जायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं, आणि सगळ्यात कमी वेळात जो पुरं करेल तो पुढे. खेळ मूळ स्कँडिनेव्हियातला, ब्रिटनमध्येही चांगला रुजलाय.

आता मुद्द्याचं. ओरिएंटियरिंगवाल्याने दुखापतीतून परत येताना डोकं आधी आणायचं आणि पाय मागून आणायचे, असं माझं ठाम मत आहे, कारण रस्त्यावर पळताना पाय दुखायला लागला की लगेच कळतं पण जंगलात तसं होत नाही, सगळं लक्ष नकाशात, पुढचा कंट्रोल कुठाय यात, आणि पावलाने केव्हाच सांगून झालेलं असतं तरी ते आपल्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून पायाची मर्यादा घरातून निघायच्या आधी ठरवायची, जंगलात पोचल्यावर नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आधी कुठलं हाड ते पक्कं करा

हे टाळून पुढे जाऊ नका. पावलात बोटांच्या मागे पाच लांब हाडं असतात, मेटाटार्सल. त्यातल्या दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या हाडाच्या मधल्या दांड्याला चीर गेली असेल तर ती तुलनेने बरी जात, साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरून येते आणि बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. लांब लांब कवायती करणाऱ्या सैनिकांना हे पूर्वीपासून व्हायचं म्हणून याला मार्च फ्रॅक्चर पण म्हणतात.

पण पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध, घोट्याच्या जरा पुढे दुखत असेल तर ते नॅव्हिक्युलर नावाचं हाड असू शकतं. बाहेरच्या कडेला करंगळीच्या हाडाच्या बुडाशी, दुसऱ्या मेटाटार्सलच्या अगदी मुळाशी, किंवा अंगठ्याच्या खाली ज्या दोन छोट्या हाडांवर आपण जोर देतो तिथे दुखत असेल तर ते सगळं वेगळं प्रकरण आहे. ही हाडं हट्टी, रक्तपुरवठा कमी किंवा ताण जास्त, काही वेळा कित्येक आठवडे पाय टेकवायचाच नसतो, काही वेळा स्क्रू घालावा लागतो. त्यांच्यासाठी खालचं वेळापत्रक चालणार नाही, पायऱ्यांचा क्रम तोच राहील पण प्रत्येक पायरीला डॉक्टरांची परवानगी लागेल.

माझ्या फिजिओने पहिल्याच भेटीत एकच गोष्ट करायला लावली, एका बोटाने दाखव नेमकं कुठे दुखतंय. स्नायू किंवा तळव्याचा पडदा दुखत असेल तर माणूस अख्खा हात फिरवतो, इथे इथे असं कुठेतरी म्हणतो. हाडाची चीर असेल तर बोट एकाच जागी जातं आणि तिथे दाबलं की माणूस कळवळतो. घरी हे करून बघा, पण निदान घरी करू नका. आणि एक्स-रे नॉर्मल आला म्हणून खूश होऊन पळायला जाऊ नका, पहिले दोन-तीन आठवडे स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेत दिसत नाही असं खूपदा होतं. दुखणं तसंच असेल तर एमआरआयबद्दल विचारा.

बूटातले आठवडे

पावलाला आधार द्यायला दवाखान्यातून देतात तो करड्या रंगाचा जाडजूड वॉकिंग बूट मिळाला की पहिली गोष्ट, दुसऱ्या पायात जाड सोलचा शूज घाला. बूटामुळे एक पाय दोन-तीन सेंटीमीटर उंच होतो, सगळं शरीर एका बाजूला कलतं आणि आठवडाभरात कंबर आणि दुसऱ्या बाजूचा खुबा दुखायला लागतो. घरात अनवाणी पाय आणि बूट ही जोडी सगळ्यात वाईट, आणि आपल्या घरांत चपला बाहेर काढायची सवय असते त्यामुळे हे हमखास होतं. दुसऱ्या पायासाठी घरातला एक स्वच्छ शूज वेगळा ठेवा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पाय बंद राहिला की पोटरीत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. पोटरी एकदम सुजली, गरम लागते, लाल झालीये, दाबल्यावर दुखतेय, तर त्याच दिवशी दाखवायचं. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, घरात कोणाला आधी गुठळी झालेली, किंवा या काळात भारताचा लांबचा विमानप्रवास ठरलेला, अशांनी डॉक्टरांना हे आपणहून सांगा.

दम टिकवायचा असेल तर पोहणं सगळ्यात चांगलं, दोन पायांमध्ये पुल बॉय, म्हणजे तरंगणारा फोमचा तुकडा, धरून नुसत्या हातांनी, भिंतीला पायाने ढकलून वळायचं नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं की कमरेला फ्लोटिंग बेल्ट बांधून खोल पाण्यात पळता येतं, पाय तळाला लागत नाही आणि हालचाल मात्र पळण्याचीच, कंटाळवाणं आहे पण वीस मिनिटांत घाम काढतं. सायकल थोडी नंतर, आणि सुरुवातीला पेडल चवड्याखाली न घेता टाचेजवळ घ्यायचं.

दुखणं दाबायच्या गोळ्या खाऊन फिरू नका. दुखणं हीच सध्या आपली मोजपट्टी आहे, तीच बंद केली तर पुढच्या पायऱ्या कशाच्या जोरावर ठरवणार.

खाणं, व्हिटॅमिन डी, आणि बायकांसाठी एक गोष्ट

इथे मी थांबून सांगणार आहे कारण आपल्या लोकांत हे फार दुर्लक्षित आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत उन्हातून पुरेसं व्हिटॅमिन डी तयारच होत नाही, म्हणून सरकारी सल्ला आहे की सगळ्यांनी हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० आययू, घ्यायचा विचार करावा. आणि आपल्यासारख्या दक्षिण आशियाई, सावळ्या कातडीच्या लोकांनी तो वर्षभर घ्यायचा विचार करावा असंही त्यातच म्हटलंय. किती जण घेतात? पुण्या-मुंबईत ऊन भरपूर पण आपण ऑफिसात बसतो आणि बाहेर पडताना स्कार्फ गुंडाळतो, तेव्हा तिकडच्यांनीही रक्त तपासून घ्यायला हरकत नाही. पातळी फार खाली असेल तर डोस डॉक्टर ठरवतील, मनाने मोठ्या डोसची पाकिटं आणून संपवू नका.

कॅल्शियमसाठी आपल्याकडे काही कमी नाही. दूध, दही, पनीर, आणि नाचणी, जिच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दोन नाचणीच्या भाकरी आणि वाटीभर दही म्हणजे दिवसाचा चांगला मोठा वाटा झाला. पण कॅल्शियमपेक्षाही मोठा प्रश्न पोटभर खाण्याचा आहे. पळणं बंद झालं म्हणून वजन वाढेल या भीतीने बरेच जण जेवण अर्ध्यावर आणतात, नेमकं हाड बांधलं जात असताना. असं करू नका. आणि ज्या मुलींची, बायकांची पाळी ट्रेनिंग वाढवल्यावर अनियमित झाली किंवा थांबली, त्यांनी ते बरं झालं कटकट गेली असं समजून सोडून देऊ नये. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडतंय याची ती खूण असते, आणि हाडं त्यातच कमकुवत होतात. डॉक्टरांना सांगताना संकोच करू नका, स्ट्रेस फ्रॅक्चरचं कारण खूपदा तिथेच सापडतं, आणि कारण तसंच राहिलं तर पुढच्या सीझनला दुसरं हाड जातं.

पाय बंद, नकाशा चालू

बूटातल्या आठवड्यांत डोक्याचं ट्रेनिंग होऊ शकतं आणि एरवी आपण ते कधीच करत नाही कारण पळायला जायचं असतं. इथले क्लब रूटगॅजेट किंवा लाइव्हलॉक्स या वेबसाइटांवर जुन्या स्पर्धांचे नकाशे आणि लोकांचे मार्ग टाकतात. एक कोर्स, म्हणजे क्रमाने शोधायच्या कंट्रोलांचा आखलेला मार्ग, उघडा, मार्ग लपवून ठेवा, प्रत्येक टप्प्याला आपण कसे गेलो असतो ते कागदावर लिहा, मग सगळ्यात वेगवान माणूस कसा गेला ते बघा. का तो वळसा घालून गेला? चढ वाचवला, की हिरवं टाळलं? नकाशात पांढरं म्हणजे पळता येण्यासारखं जंगल, जितकं हिरवं गडद तितकी झाडी दाट, पिवळं म्हणजे मोकळं, तपकिरी रेषा कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला सोंड आणि घळ डोळ्यांनी ओळखता येतात पण कंटूरमध्ये त्याच गोष्टी झटकन दिसायला सवय लागते, आणि ती सवय खुर्चीत बसून लागते.

क्लबला मदत करायलाही हाच काळ बरा. स्टार्टला बसणं, शेवटी डाऊनलोडच्या, म्हणजे कोण कुठल्या कंट्रोलला पोचलं ती नोंद उतरवून घ्यायच्या, टेबलावर बसणं, लोक आत आले की त्यांचे नकाशे बघत गप्पा मारणं. शनिवारी सकाळी बागेत सगळ्यांसाठी पळायचा कार्यक्रम असतो त्या पार्करनलाही असंच, उभं राहून मार्शलिंग करता येतं, आणि बूट निघून काही आठवडे झाले की टेल वॉकर, म्हणजे सगळ्यात मागे चालत यायचं काम, जे आपल्या पुढच्या पायरीत मस्त बसतं.

ट्रेल ओरिएंटियरिंग नावाचा एक प्रकार आहे तोही करून बघा. त्यात वाट सोडायचीच नसते, वाटेवर उभं राहून समोर लावलेल्या कंट्रोलांपैकी नकाशाशी नेमका कुठला जुळतो ते ओळखायचं. व्हीलचेअरवरचे आणि चालते लोक एकत्र खेळू शकतील असा हा प्रकार, २००४ पासून याच्या जागतिक स्पर्धा होतात, पहिली स्वीडनमध्ये व्हेस्टेरोसला झाली. कंटूर वाचायची इतकी कडक परीक्षा दुसऱ्या कशात होत नाही.

बूट निघाला: चालणं आणि पोटरी

बूट निघाल्यावर पहिला धक्का पोटरी बघून बसतो, दुसऱ्या पायाच्या मानाने अगदी बारीक झालेली असते. पाऊल सकाळी लाकडासारखं ताठ, हाडावर जिथे चीर होती तिथे बोट फिरवलं तर एक छोटा कडक उंचवटा लागतो. घाबरू नका, भरून येताना हाडाने स्वतःभोवती घातलेलं नवं हाड आहे ते, आणि दाबून दुखत नसेल तर काळजी नाही. माझा अजूनही हाताला लागतो.

सुरुवातीला घट्ट सोलचे शूज, सपाट रस्ता, १० मिनिटं चाल. दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. लंगडत लांब जाण्यापेक्षा सरळ थोडं चाललेलं बरं, कारण लंगडण्याची सवय लागली की मोडायला महिना जातो.

सोबत रोज व्यायाम. दोन्ही पायांवर टाचा उचलणं, मग दोन्हींवर वर जाऊन एकावर खाली येणं, मग एका पायावर. हे गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा थोडा वाकवून असं दोन्ही तऱ्हेने करायचं कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत आणि पळताना खालचा जास्त राबतो. बोटं न मुडपता पावलाची कमान वर ओढून धरणं, अंगठा खाली ठेवून बाकीची बोटं उचलणं आणि मग उलटं, इलॅस्टिक बँडने पाऊल आत-बाहेर ओढणं. खुब्याचे व्यायाम विसरू नका, खुबा ढिला असला की सगळा भार पावलावर वाकडा पडतो.

आणि माझा सगळ्यात आवडता. एका पायावर अनवाणी उभं राहायचं, हातात जुना कोर्स, अंगठा सुरुवातीच्या त्रिकोणावर, आणि मोठ्याने बोलत जायचं: वाटेने निघाले, डावीकडे कुंपणाचा कोपरा, इथे वाट सोडायची, तीन कंटूर चढ, सोंडेचा माथा, पलीकडे उतरून दुसरी घळ, घळीच्या टोकाला कंट्रोल. एक टप्पा झाला की अंगठा पुढे सरकवायचा आणि पाय बदलायचा. पहिल्या दिवशी दुसरा कंटूर मोजेपर्यंत तोल जातो. कारण एरवी तोल सांभाळायला डोळे मदत करत असतात, आणि नकाशा वाचताना डोळे जमिनीवर नसतातच. जंगलात नेमकं हेच होतं, म्हणून ही सवय स्वयंपाकघराच्या फरशीवर लावून घ्यायची, ओट्याला हात पोचेल इतक्या अंतरावर.

पळायच्या आधीची परीक्षा

तारीख बघून पळायला सुरुवात करू नका, आठ आठवडे झाले म्हणजे झालं असं नसतं. या चार गोष्टी जमल्या पाहिजेत:

- चीर होती तिथे अंगठ्याने जोरात दाबलं तरी अजिबात दुखत नाही.
- ४५ मिनिटं भरभर चालून त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही काही जाणवत नाही, आणि असं सलग आठवडाभर.
- एका पायावर टाच उचलणं वीसेक वेळा जमतं, दुसऱ्या पायाच्या जवळपास.
- एका पायावर जागच्या जागी दहा-पंधरा उड्या मारता येतात, न दुखता आणि न घाबरता.

शेवटचं अगदी शेवटी करा, आधीचं तिन्ही जमल्याशिवाय उड्या मारून बघू नका.

चाल-पळ

एक दिवस पळायचं, एक दिवस नाही, आणि हा नियम पहिले पाच-सहा आठवडे तरी मोडायचा नाही. दहा मिनिटं चालून अंग गरम करा, मग १ मिनिट पळणं ४ मिनिटं चालणं असं पाच वेळा. पुढची पायरी २ आणि ३, मग ३ आणि २, मग ४ आणि १, मग सलग वीस मिनिटं. प्रत्येक पायरी किमान दोनदा, काही जाणवलं नाही तरच पुढे. वेग इतका की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. पावलं छोटी आणि जलद ठेवा, नेहमीपेक्षा मिनिटाला पाच-दहा टक्के जास्त पावलं टाकली की प्रत्येक पावलाचा मार कमी होतो.

दुखण्याचा नियम हाडाला वेगळा असतो हे नीट लक्षात घ्या, कारण इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालतं. ते टेंडनला आणि तळव्याच्या पडद्याला, प्लांटर फॅसाइटिसला, चालतं. हाडाला नाही. चिरेच्या जागी एका बोटाने दाखवता येईल असं दुखलं तर ते एक असो की अर्धं, त्या दिवशी तिथेच थांबायचं, चालत परत यायचं, दोन-तीन दिवस विश्रांती आणि मग मागची पायरी. दाबून दुखतच राहिलं तर डॉक्टर. पोटरी भरून येणं, पाऊल थकल्यासारखं वाटणं, ते वेगळं, ते होणारच.

खरा निकाल पळताना लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. पलंगावरून उतरून टाकलेली पहिली दहा पावलं कशी आहेत ते रोज एका वहीत लिहा, आदल्या दिवशी काय केलं तेही लिहा. दोन ओळी पुरतात.

जमीन बदलायची शिडी

सलग अर्धा तास सपाट जमला की मगच जमीन बदलायची, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, वेळ तरी, जमीन तरी, चढ तरी. मी सांगते तो क्रम असा: डांबर किंवा ट्रॅक, मग बागेतली पक्की वाट, मग रुंद सपाट जंगलवाट, मग कापलेलं गवत, मग मुळं-दगडांची वाट, आणि शेवटी वाट सोडून जंगल. काही लोकांना गवत मऊ म्हणून आधी घ्यावंसं वाटतं, पण गवताखाली खड्डे असतात आणि ते दिसत नाहीत, पाऊल वेडंवाकडं पडतं, म्हणून मी ते खाली ढकललंय.

चढाचं मेटाटार्सलवाल्यांनी वेगळं धरायचं. साधारण समजूत अशी की उतार वाईट, चढ चांगला. पण चढावर आपण चवड्यावर येतो आणि चवडा म्हणजेच आपलं मोडलेलं हाड. तेव्हा चढ सुरुवातीला चालत, अख्खं पाऊल टेकवून. उतारावर छोटी पावलं, ब्रेक मारत खाली यायचं नाही. तिरप्या उतारावर, जिथे एक पाय कायम वर आणि एक खाली पडतो, तिथे सगळ्यात उशिरा जा.

पुण्याकडच्यांनी हे टेकडीला लावून बघा. वेताळ टेकडीवर सुटा मुरूम, घसरणारे दगड, पावसाळ्यात शेवाळ. पळायची पहिली पायरी तिथे नाही, ती मैदानावर किंवा ट्रॅकवर. टेकडीवर आधी महिनाभर चालायला जा, चढून वरच्या सपाटीवर थोडं पळा, उतरताना चाला. किल्ल्यांच्या दगडी पायऱ्या आणि कातळातल्या उतरणी तर याच्याही नंतर. तिकडे ओरिएंटियरिंगचे नकाशे सहज मिळत नाहीत, पण ओपनस्ट्रीटमॅपवरून टेकडीचा नकाशा छापून मित्राला दहा ठिकाणं गोल करायला सांगितली की सरावापुरतं काम होतं.

नकाशासकट परत

इथे आता डोकं आणि पाय एकत्र यायला लागतात, म्हणून सगळ्यात जास्त सांभाळायचं.

पहिली गोष्ट, कायमस्वरूपी कोर्स. ब्रिटनमध्ये कित्येक बागांत आणि जंगलांत लाकडी खांब कायमचे रोवलेले असतात, नकाशा मिळवायचा आणि आपल्या वेळेने जायचं. कोणी घड्याळ लावलेलं नाही, कोणी मागून येत नाही. चालत करा. नकाशा वाचायचा तर थांबून वाचा, चालत वाचणं नंतर. मॅपरन ॲपचे कोर्स पण असेच, जागेवर पोचलं की फोन वाजतो, आणि बरेचसे शहरातल्या रस्त्यांवर आहेत, म्हणजे जमीन सोपी आणि मार्ग निवडायचा सराव पूर्ण.

मग स्पर्धा संपल्यावर कंट्रोल गोळा करायला जा. क्लबला माणसं हवीच असतात, आपण चालत जंगलातून फिरतो, आणि खांद्यावर ओझं असल्याने पळायचा मोह होत नाही. किती कंट्रोल घेणार ते आधीच सांगून ठेवा.

मग कोर्स निवडणं. इथे कोर्सना रंगांची नावं असतात, नकाशातल्या रंगांशी त्यांचा संबंध नाही: पांढरा आणि पिवळा अगदी सोपे, वाटेवाटेने जाणारे, केशरी मध्यम, आणि हिरवा, निळा, तपकिरी हे तांत्रिकदृष्ट्या सगळे सारखेच कठीण, फक्त लांबी वाढत जाते. बऱ्याच जणांना वाटतं परत येताना केशरी घ्यावा. घ्या, एखाद-दोनदा. पण शॉर्ट ग्रीन आणि व्हेरी शॉर्ट ग्रीन असे दोन कोर्स असतात, ज्यात कंट्रोल शोधणं तितकंच कठीण पण अंतर कमी, आणि ते मुख्यतः वयस्कर लोकांना डोळ्यासमोर ठेवून आखलेले असल्यामुळे घाणेरडे चढ आणि काटेरी झाडी शक्यतो टाळलेली असते. डोक्याला पूर्ण काम, पायाला अर्धं, दुखापतीतून येणाऱ्यासाठी याहून चांगलं काही नाही.

लांबी बघताना सांभाळा. कोर्सची लांबी एका कंट्रोलपासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेषेत मोजतात, आणि तुम्ही तर वाटांनी जाणार आहात, तेव्हा ३ किलोमीटरच्या कोर्सला पायाखाली सहज ४ होतात. वर चढ किती ते दिलेलं असतं, साधारण १०० मीटर चढ म्हणजे एक किलोमीटर जास्त धरा. हा हिशेब करून आलेला आकडा तुमच्या सध्याच्या सपाट रनिंगच्या आत बसला पाहिजे.

आणि आता ते घरून ठरवून निघायचे नियम. मी नकाशाच्या प्लॅस्टिक पिशवीच्या मागे मार्करने लिहून ठेवते: पळायचं फक्त वाटांवर, वाट सोडली की चालायचं. गडद हिरव्यात शिरायचं नाही. ओढा उडी मारून नाही, पुलावरून. अमुक कंट्रोलला पोचेपर्यंत इतकी मिनिटं झाली असतील तर तिथून परत. आणि प्रत्येक कंट्रोलवर पंच केलं, म्हणजे पोचल्याची नोंद केली, की पुढचा टप्पा बघायच्या आधी एक श्वास पावलासाठी, जागच्या जागी चवड्यावर एकदा उचलून बघायचं, दुखतंय का. दोन सेकंद लागतात. जंगलात पाय आपणहून सांगत नाही, त्याला विचारावं लागतं.

दुखलं तर सोडून द्यायचं, आणि सोडलं तरी डाऊनलोडला जाऊन हजेरी लावायचीच, नाहीतर तुम्ही आत हरवलात असं समजून लोक शोधायला निघतात. शिट्टी गळ्यात हवी, खरंच चालता येत नसेल तर सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, परत सहा वेळा.

शूज

ओरिएंटियरिंगचे खिळ्यांचे शूज सगळ्यात शेवटी काढा. सोल पातळ, गादी जवळपास नाही, आणि कडक वाटेवर ते धातूचे खिळे चवड्यात वर टोचल्यासारखे दाब देतात, नेमके आपल्याला नको तिथे. तोपर्यंत बऱ्यापैकी जाड आणि जरा ताठ सोलचे ट्रेल शूज. पुढचा भाग रुंद हवा, लेस चिरेच्या जागेवर आवळून बांधू नका, तिथलं एक भोक सोडून दिलं तरी शूज टिकतो. जुने झिजलेले शूज आठवण म्हणून ठेवा, पायात नको. पाय पूर्ण झाकणारी पँट घाला, काट्यांसाठी आणि गोचिडींसाठी, इथल्या गोचिडींतून लाइम आजार होतो, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि जांघेत बघून घ्या.

वेग

वेग सगळ्यात मागून येतो. वाट सोडून जंगलात पाऊण तास, लागोपाठ तीन-चार आठवडे, आणि वहीत सकाळच्या ओळी स्वच्छ, असं झालं की मग आठवड्यातून एकदा थोडं वेगात पळायला हरकत नाही, तेही आधी सपाटीवर. स्प्रिंट ओरिएंटियरिंग, म्हणजे शहरातले जिने, काटकोनातली वळणं आणि फरसबंदी, दिसायला सोपं असलं तरी चवड्याला फार मारतं, ते याच्याही पुढे ठेवा. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात जंगलं ब्रॅकन नेच्यांनी कमरेपर्यंत भरतात, पायाखालचं काही दिसत नाही, म्हणून ज्यांची दुखापत वसंतात झाली असेल त्यांनी खऱ्या जंगलाची तारीख ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पुढचीच धरावी. एकदा स्ट्रेस फ्रॅक्चर झालेल्याला दुसरं व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, त्यामुळे ती वही वर्षभर तरी चालू ठेवा, आणि जिथे चीर होती तिथे आठवड्यातून एकदा अंगठ्याने दाबून बघत जा.